डॉ. द्वारकानाथ कोटणीस : सोलापूरच्या एका घराने जगाला दिलेला पुत्र

डिसेंबर महिना आपल्या धर्मग्रामांत लगबगीचा असतो. ३ तारखेला आपण संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा सण साजरा करतो, ८ तारखेला पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण येतो, आणि आगमनकाळाच्या मेणबत्त्या एकेक करून पेटत असताना घराघरांत नाताळच्या गोड पदार्थांची तयारी सुरू होते. ह्याच दिवसांत, ९ डिसेंबरला, सोलापूर शहराच्या एका थोर पुत्राची पुण्यतिथी असते, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात राहते. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे त्यांचे नाव. संत फ्रान्सिस झेवियर १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर, कँटन शहराच्या अलीकडे, चीनच्या दाराशी देह ठेवून गेले. त्यानंतर सुमारे चार शतकांनी सोलापूरचा हा तरुण डॉक्टर त्याच कँटनच्या मार्गाने चीनमध्ये शिरला आणि तोही परत आला नाही.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. डॉ. कोटणीस ख्रिस्ती नव्हते. ते हिंदू सारस्वत कुटुंबात जन्मले आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. मग धर्मप्रांताच्या ह्या पानावर त्यांचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात देण्याचा आम्ही प्रयत्न करणार आहोत. तूर्त एवढेच सांगतो की हे चरित्र आम्ही एका डॉक्टरचे म्हणून जितके वाचतो, तितकेच ते एका आईवडिलांचे म्हणूनही वाचतो, आणि त्या दृष्टीने ते आपल्या प्रत्येक कुटुंबाला काहीतरी विचारते.

घर आणि संस्कार

द्वारकानाथ ह्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वडील शांताराम कोटणीस गिरणीत नोकरी करीत आणि शहराच्या सार्वजनिक कामातही लक्ष घालीत. द्वारकानाथांना दोन भाऊ आणि पाच बहिणी. म्हणजे आठ मुलांचे, मध्यमवर्गीय, बेताच्या मिळकतीचे घर. अशा घरात एका मुलाला डॉक्टर करायचे तर इतर सर्वांनी थोडे थोडे कमी घ्यावे लागते, हे मोठ्या कुटुंबात वाढलेल्या कोणालाही समजावून सांगायला नको.

त्या काळचे सोलापूर हे गिरण्यांचे गाव होते. भोंग्यावर शहराचा दिवस उगवत असे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ह्या चारही भाषा एकाच रस्त्यावर कानी पडत, आणि संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला सारे शहर लोटत असे. परक्या भाषेचा माणूस हा शेजारी असू शकतो, हा धडा सोलापूरचे मूल शाळेत जाण्यापूर्वीच शिकते. १९३० च्या मे महिन्यात ह्याच शहरात स्वातंत्र्याची ठिणगी पडली आणि ब्रिटिश सरकारने लष्करी कायदा पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे ह्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. द्वारकानाथ तेव्हा विशीत होते. आपल्या गावच्या चार माणसांनी देशासाठी प्राण दिले, हे त्या पिढीच्या प्रत्येक घरात बोलले गेले असणार.

पुढे मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते १९३६ मध्ये डॉक्टर झाले. पदव्युत्तर शिक्षणाची तयारी सुरू झाली. घराने वाट पाहावी असे दिवस आता आले होते. मुलगा शिकेल, दवाखाना काढेल, धाकट्यांच्या शिक्षणाला आणि बहिणींच्या लग्नकार्याला हातभार लावील, अशी अपेक्षा कोणत्याही आईवडिलांनी केली असती, आणि त्यात काही गैर नव्हते.

निरोप

१९३७ च्या जुलैमध्ये जपानने चीनविरुद्ध सर्वंकष युद्ध सुरू केले. जखमींची संख्या अफाट आणि डॉक्टर अगदी थोडे, अशी चीनची अवस्था झाली. चिनी सेनानी चू ते ह्यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची विनंती केली. त्या वेळचे काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस ह्यांनी १९३८ च्या जून महिन्याच्या अखेरीस देशाला आवाहन केले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या ह्या देशाने बावीस हजार रुपये जमविले, रुग्णवाहिका आणि औषधे दिली, आणि पाच डॉक्टर दिले. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. अटल हे पथकाचे प्रमुख होते आणि त्यांनी त्याआधी स्पेनच्या युद्धातही सेवा केली होती. अठ्ठावीस वर्षांचेही न झालेले कोटणीस ह्यांच्या पाठीशी असा अनुभव नव्हता.

जाण्यापूर्वी त्यांनी वडिलांची परवानगी विचारली. ह्या प्रसंगाविषयी त्यांच्या भगिनींनी पुढे वेळोवेळी सांगितले आहे. वडिलांनी मुलाला प्रोत्साहन दिले. मुलगा इतक्या दूर चालला म्हणून आईचे मन मात्र खिन्न झाले. चीन देशाविषयी घरातल्यांना फारशी माहिती नव्हती. चिनी रेशीम विकायला येणारे फेरीवाले, एवढाच त्यांचा चीनशी संबंध.

आम्हांला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण तो खरा आहे आणि त्यात कोणीही देवदूत नाही. वडील अभिमानाने होकार देतात, आई मनातून खचते, आणि तरीही घर मुलाला अडवत नाही. हन्नाने आपला शमुवेल परमेश्वराच्या मंदिरात सोडला आणि त्यानंतर दर वर्षी त्याच्यासाठी एक छोटा अंगरखा शिवून ती नेत राहिली, असे जुन्या करारात आपण वाचतो. मुलाला देऊन टाकल्यावरही आईचे हात त्याच्या मापाचे कपडे शिवतच राहतात. सोलापूरची आईही आज परगावी निघालेल्या मुलाच्या पेटीत शेंगाचटणीचा डबा आणि कडक भाकरीची चवड ठेवते. त्यामागे ह्याहून वेगळे काय असते?

१ सप्टेंबर १९३८ रोजी राजपुताना नावाच्या बोटीने पथक मुंबईहून निघाले. द्वारकानाथ आणि त्यांच्या वडिलांची ह्या जन्मी पुन्हा भेट व्हायची नव्हती.

वडिलांच्या निधनाची वार्ता

१७ सप्टेंबरला पथक कँटनला पोहोचले. तेथून हँकौ, मग चुंगकिंग, असा प्रवास बाँबवर्षावाच्या छायेत सुरू राहिला. चुंगकिंगला पाचही डॉक्टरांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या अखेरीस चीन ह्या अर्थाचे हुआ हे अक्षर होते. कोटणीस ह्यांचे नाव झाले के दीहुआ. चीनमध्ये ते आजही ह्याच नावाने ओळखले जातात.

पथक उत्तरेकडे येनानला निघण्याच्या सुमारास सोलापूरहून वार्ता आली की वडील गेले. तो १९३९ चा प्रारंभ होता. सहकाऱ्यांनी त्यांना घरी परतण्याचा सल्ला दिला. कोणीही त्यांना दोष दिला नसता. परंतु कोटणीस परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते इतरांसह येनानला पोहोचले आणि कामाला लागले.

ह्या निर्णयाचा गौरव करणे सोपे आहे. आम्हांला तो इतका सोपा वाटत नाही. आईवडिलांचा मान राख ही देवाची आज्ञा आहे, आणि सोलापुरात एक विधवा आई व धाकटी भावंडे होती. कोटणीस ह्यांनी आईवर प्रेम कमी केले असे त्यांच्या आयुष्यात काही दिसत नाही. ते घरी पत्रे लिहीत राहिले. परंतु एका कर्तव्याने दुसऱ्या कर्तव्याला मागे सारावे लागले, आणि त्याची किंमत केवळ त्यांनी दिली असे नाही. ती त्यांच्या आईनेही दिली, आणि तिला कोणी विचारले नव्हते. दूर मिशनमध्ये असताना आईच्या किंवा वडिलांच्या अंत्यविधीला पोहोचू न शकलेले धर्मगुरू आणि धर्मभगिनी आपल्या सर्वांच्या माहितीत आहेत. आखाती देशांत काम करणाऱ्या आपल्या परिचारिकांनाही हे दुःख अनोळखी नाही. २०२० च्या महामारीत तर कितीतरी डॉक्टर आणि परिचारिका एकाच शहरात असूनही स्वतःच्या घरच्या मृताजवळ जाऊ शकल्या नाहीत. ह्या माणसांच्या मनातली ती जागा आयुष्यभर हुळहुळत राहते. त्यांच्याशी बोलताना आपण त्यागाची मोठी भाषा न वापरता जवळ बसून त्यांच्या आईची आठवण विचारावी, असे आम्हांला वाटते.

दूरदेशीचा संसार

पथकातील सहकारी पुढे एकेक करून मायदेशी परतले. डॉ. बसू सर्वांत शेवटी, १९४३ मध्ये आले. कोटणीस मात्र वुताई पर्वताच्या परिसरातील आघाडीच्या प्रदेशात गेले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून तेथे सेवा करीत होते. प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाचा हा मुलगा शस्त्रक्रियेच्या वेळी झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी मरण पावला. त्यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाची धुरा १९४१ च्या जानेवारीत कोटणीस ह्यांच्याकडे आली.

रुग्णालय म्हणजे पक्की इमारत नव्हे. शेतकऱ्यांच्या घरांतून रुग्ण ठेवलेले असत, आणि शत्रू जवळ आला की सारे सामान खेचरांवर लादून दुसऱ्या गावी हलवावे लागे. एका मोठ्या लढाईच्या वेळी कोटणीस ह्यांनी सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्या. त्या काळात त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केल्याची नोंद आहे. ते चिनी भाषा बोलायला आणि लिहायला शिकले, चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शिकवू लागले आणि शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तक लिहायला बसले.

१९४० मध्ये डॉ. बेथ्यून ह्यांच्या समाधीच्या उद्घाटनप्रसंगी त्यांची गुओ चिंगलान ह्या तरुणीशी ओळख झाली. त्या परिचर्या शिकवीत असत. १९४१ च्या अखेरीस दोघांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवण्यात आले. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. दोन देशांची नावे एका बाळाच्या नावात जोडली गेली.

ह्या संसाराला जेमतेम एक वर्ष लाभले. कोटणीस ह्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. अपुरी झोप, अपुरे अन्न आणि कामाचा ताण ह्यांत विश्रांतीला वाव नव्हता. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. बाळ तेव्हा साडेतीन महिन्यांचे होते. हाती घेतलेले पुस्तक अपुरे राहिले.

मागे राहिलेले

चरित्रे बहुधा नायकाच्या मृत्यूपाशी थांबतात. कुटुंबाची कथा मात्र तेथे संपत नाही. गुओ चिंगलान ह्यांनी मुलाला वाढविले. तोही वडिलांच्या मार्गाने वैद्यकीय शिक्षण घेऊ लागला, परंतु शिक्षण पूर्ण होण्यापूर्वीच १९६७ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. पती आणि पुत्र असे दोन्ही गमावलेल्या ह्या स्त्रीने भारतातल्या सासरशी नाते मात्र तुटू दिले नाही. त्या अनेकदा भारतात आल्या. २००६ मध्ये चीनचे अध्यक्ष हू जिंताओ भारतभेटीवर आले तेव्हाही त्या आल्या होत्या. २८ जून २०१२ रोजी त्यांचे निधन झाले. इकडे मुंबईत राहणाऱ्या कोटणीस भगिनींच्या भेटीला चीनचे नेते येत राहिले. दोन देशांत १९६२ चे युद्ध झाले, सीमेवर पुढेही रक्त सांडले, पण नणंदा-भावजयींचे हे नाते टिकून राहिले.

चीनमध्ये शिजियाझुआंग येथील हुतात्मा उद्यानात कोटणीस ह्यांची समाधी आहे. वसंत ऋतूतील छिंगमिंगच्या दिवशी चिनी कुटुंबे आपल्या पूर्वजांच्या कबरी झाडून स्वच्छ करतात आणि फुले वाहतात. त्या दिवशी ह्या सोलापूरकराच्या समाधीवरही फुले वाहिली जातात. २ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत जाऊन आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो, आपले हिंदू शेजारी पितृपक्षात पूर्वजांचे स्मरण करतात, आणि तिकडे परके लोक ह्या परदेशी माणसाला आपला पूर्वज मानून त्याचे स्मरण करतात. त्याला जन्म देणाऱ्या आईच्या वाट्याला आलेले सांत्वन कदाचित हेच असेल.

भारतात १९४६ मध्ये व्ही. शांताराम ह्यांनी डॉ. कोटणीस की अमर कहानी हा चित्रपट काढला. ख्वाजा अहमद अब्बास ह्यांच्या पुस्तकावर तो आधारलेला असून कोटणीस ह्यांची भूमिका स्वतः शांतारामांनी आणि पत्नीची भूमिका जयश्री ह्यांनी केली. चित्रपट म्हणून त्यात कल्पनेचा भाग आहे, हे ध्यानात ठेवून सुटीच्या दिवशी मुलांना जवळ बसवून तो अवश्य पाहावा. १९८२ मध्ये चीनने आणि १९९३ मध्ये भारताने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. सोलापुरात भैय्या चौक परिसरातील त्यांचे घर स्मारक म्हणून जतन करण्यात आले आहे. नाताळच्या सुटीत पाहुण्यांना सिद्धेश्वराचे तळे आणि भुईकोट किल्ला दाखवायला नेताना ह्या घरीही थोडा वेळ थांबावे, अशी आमची सूचना आहे.

आमच्या कुटुंबांसाठी

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळतो. ज्या पक्षात कोटणीस अखेरीस दाखल झाले, त्याच पक्षाच्या राजवटीत १९४९ नंतर चीनमधील ख्रिस्तसभेने मोठा छळ सोसला. महागुरू, धर्मगुरू आणि प्रापंचिक तुरुंगात गेले, मिशनरींना देशाबाहेर घालविण्यात आले. हे आम्ही विसरलेलो नाही आणि वाचकांनीही विसरू नये. परंतु कोटणीस ते दिवस पाहायला राहिले नव्हते. त्यांच्यासमोर होते ते रक्तबंबाळ शेतकरी आणि सैनिक. शेवटच्या न्यायाच्या दिवशी राजा कोणाला आपल्या उजव्या हाताला बसवील, ह्याविषयी संत मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभूने जे सांगितले आहे, ते आपण जाणतो. भुकेल्याला अन्न देणाऱ्या आणि आजाऱ्याची विचारपूस करणाऱ्या त्या लोकांना आपण कोणाची सेवा करीत आहोत हे ठाऊकही नव्हते. सद्सद्विवेकाच्या प्रकाशात चालणाऱ्या माणसाला देवाची कृपा नाकारली जात नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही शिकविले आहे. म्हणून कोटणीस ह्यांचे नाव ह्या पानावर घेताना आम्हांला संकोच वाटत नाही.

आमचा खरा प्रश्न त्यांच्या आईवडिलांकडे पाहून उठतो. आजचे पालक मुलांना दूर पाठवायला भीत नाहीत. पुण्याची संगणक कंपनी, दुबई, कॅनडा, कोठेही पाठवितात, कर्ज काढून पाठवितात आणि नातेवाइकांत अभिमानाने सांगतात. परंतु तोच मुलगा सेमिनरीत जायचे म्हणाला, किंवा मुलगी धर्मभगिनी व्हायचे म्हणाली, किंवा डॉक्टर झालेले लेकरू दुर्गम आदिवासी पाड्यावर काम करीन म्हणाले, की घरात शांतता पसरते. मग कोणी आईच्या रक्तदाबाची आठवण करून देते, कोणी एवढ्या शिक्षणाचा खर्च मोजून दाखविते. दोन्ही वेळा मूल दूरच जाणार असते. फरक असतो तो ते कशासाठी जाते ह्यात.

पालकांच्या भीतीला आम्ही हसत नाही. पवित्र मरियेलाही मंदिरात वृद्ध शिमोनाकडून तरवारीची भविष्यवाणी ऐकावी लागली, आणि बारा वर्षांचा मुलगा तीन दिवस सापडला नाही तेव्हा ती आणि योसेफ व्याकूळ झाले होते. नाताळनंतर येणाऱ्या पवित्र कुटुंबाच्या सणाला आपण ज्या घराचे चिंतन करतो, त्या घरातही मुलाला निरोप देण्याची वेळ आलीच होती.

मुलाला निरोप देण्याची तयारी एका दिवसात होत नाही. ताटातला घास शेजारच्या मुलाला देताना, परभाषी कुटुंबाशी सलोखा राखताना, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढताना, संध्याकाळच्या रोझरीनंतर कोणा अनोळखी माणसासाठीही एक प्रार्थना म्हणताना मूल ते पाहत असते. आठ मुलांच्या त्या गिरणगावच्या घरात काय बोलले गेले, हे आपल्याला ऐकू येत नाही. परंतु त्या घरातला एक मुलगा परवानगी मागायला वडिलांपुढे उभा राहिला, ह्याचा अर्थ असा की आपले म्हणणे येथे ऐकून घेतले जाईल असा त्याला विश्वास होता.

ह्या ९ डिसेंबरला, आगमनकाळातल्या आपल्या कौटुंबिक प्रार्थनेत, डॉ. द्वारकानाथ कोटणीस ह्यांच्या आत्म्यासाठी आणि त्यांना निरोप देऊन मागे राहिलेल्या त्यांच्या आईसाठी प्रार्थना करू या. आणि आपल्या घरातले एखादे मूल काही दिवसांपासून काहीतरी विचारू पाहत असेल, तर त्याला जेवणानंतर जवळ बसवून घेऊ या.